शितपमामांच्या लाद्या

गेल्या महिन्यात फ्लॅटची जमीन बदलायची म्हणून एका दुकानात गेले होते. तिथल्या मुलानं एक तपकिरी फळी माझ्यापुढे ठेवली, नखानं टिचकी मारून वाजवून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, नवीन आलंय. लाकडाचा भुसा आणि जुनं प्लास्टिक. ओल नाही, वाळवी नाही, कसली कटकट नाही." मी विचारलं, "भुसा कुठल्या लाकडाचा?" त्याला माहीत नव्हतं. त्यानं मालकाला विचारलं, तर मालकालाही माहीत नव्हतं. मी साध्या फरशा पसंत केल्या आणि घरी आले.

घरी येऊन चहा केला, प्यायले, कप विसळून पालथा घातला. अशा वेळी माणसाला भडभडून यावं अशी रीत आहे. मला काही आलं नाही. आत्माराम शितप या माणसाच्या बाबतीत माझं पहिल्यापासून असंच आहे. ते आठवतात, लख्ख आठवतात, अगदी त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशासकट. पण त्या आठवणीबरोबर जे दुसरं काही यायला हवं ते येत नाही. निदान लिहून तरी बघू, म्हणून बसले आहे.

ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं. मी पालीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. रत्नागिरीहून रोज एस.टी.नं येणं-जाणं पावसाळ्यात जमेना, म्हणून कोल्हापूर रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीत शितपांच्या पडवीतली खोली भाड्यानं घेतली. घरात माणसं दोनच, शितपमामा आणि मामी. मूलबाळ नव्हतं. मामा मुंबईला बादल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर होते. मालकानं कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेला, तेव्हा इतर माणसं मुंबईतच दुसरीकडे चिकटली. मामा एक वळकटी, एक ट्रंक आणि स्वतः ओतलेली एक निळी बादली घेऊन घरी परत आले.

अंगानं किडकिडीत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्रीचा. वाडीत वीज धड नव्हती, तरी शर्ट इस्त्रीचा, कारण ते तांब्यात निखारे घालून तो स्वतः फिरवायचे. वरच्या खिशात कायम काडेपेटी. मी आले त्या पहिल्याच दिवशी शेजारच्यानं त्यांना विडी देऊ केली, तर म्हणाले, "ओढत नाय."

"मग काडेपेटी कशाला वो?"

"पिलाष्टिकाला."

मला वाटलं, माणूस थोडा सटकलेला आहे. पुढे आठ दिवसांत कळलं की सटकलेला नाही, ती त्याची माल पारखायची रीत आहे. मोडकी बादली, फुटकं पिंप, कॅनचं झाकण, जे हाती लागेल त्याची कोयत्यानं कपची काढायची, सांडशीत धरायची आणि काडी लावायची. मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास आला आणि थेंब थेंब गळायला लागलं की माल कामाचा. काळा धूर निघाला, नाकात झोंबलं, की तिथल्या तिथे परत. कारखान्यात म्हणे सुपरवायझर कागद बघून माल घ्यायचा आणि हे वास घेऊन परत पाठवायचे, त्यावरून दोनदा भांडण झालं होतं.

"आदी जाळून बगायचा, मगे घरात घ्यायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कशालाही लावायचे. मला त्या वर्षी देवरुखकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, वाईच जाळून बगा."

"मुलाला?"

"मुलाला न्हवं वो. रागाला आणून बगा. धूर कसा निगतो ता बगा."

मी त्या गृहस्थाला फक्त एवढंच विचारलं की लग्नानंतर नोकरी चालू ठेवली तर चालेल का. धूर बराच काळा निघाला. ते स्थळ गेलं, आणि आमच्या आईनं मामांना कधी माफ केलं नाही.

हे सगळं प्लास्टिक कशासाठी, तर मामींच्या गुडघ्यांसाठी.

मामी स्थूल होत्या, बसक्या आवाजाच्या, आणि कामाला वाघ. मामा मुंबईला असताना ही बावीस वर्षं घर, दोन गुरं, भाताचे चार कुणगे आणि सासूचं आजारपण, सगळं त्यांनी एकटीनं ओढलं. मामा यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला. घरात मातीची जमीन. ती दर आठवड्याला शेणानं सारवायची, सणाला दोनदा. सारवायचं म्हणजे उकिडवं बसून, उजवा हात अर्धगोल फिरवत, एकेक वीत मागे सरकत दारापर्यंत यायचं. मी बघितलं तेव्हा मामी सारवून झालं की उठू शकत नसत. दाराची चौकट धरून, आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. रत्नागिरीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की हे उकिडवं बसणं बंद झालं नाही तर वर्षा-दोन वर्षांत ही बाई चालायची थांबेल.

मामी दुसऱ्या कुणाला सारवू देत नसत. शेजारणीनं एकदा सारवलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यावरून परत हात फिरवला. शहाबादी फरशी घाला म्हटलं तर म्हणायच्या, पावसात गार पडते, पाय वळतात. म्हणजे बाई उकिडवी बसणारच. तेव्हा मामांनी ठरवलं की जमीनच अशी करायची जी सारवावी लागणार नाही, गार लागणार नाही आणि जिला खालून ओल येणार नाही.

"बावीस वर्सं सारवलान तिनं," ते मला एकदा म्हणाले. "मी दोनदा येवचा आनि त्याच्यावर पाट मांडून जेवून जायचा. आता बास."

एवढं बोलून ते उठून गेले. या विषयावर त्यांच्या तोंडून याहून जास्त मी काही ऐकलं नाही.

लादी करायची पद्धत त्यांनी कुणाकडून शिकलेली नव्हती. कारखान्यात मशीनखाली सांडलेलं गरम प्लास्टिक एकदा भुशात पडून घट्ट बसलं होतं, ते त्यांनी खिळ्यानं काढायला घेतलं आणि निघेना, तेवढंच भांडवल. परसात तीन चिऱ्यांची चूल केली. त्यावर डांबराचं अर्धं कापलेलं पिंप. त्यात प्लास्टिकच्या कपच्या वितळवायच्या, शेजारी कढईत भुसा भाजून घ्यायचा, आणि दोन्ही एकत्र करून लोखंडी पहारीनं घोटायचं. ते लगद्यासारखं घट्ट झालं की खोबरेल लावलेल्या साच्यात भरायचं आणि वरून दाबायचं. दाबायला नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं मोडीत काढलेला ट्रकचा जॅक होता. मग साचा पाण्यात बुडवायचा, चर्र आवाज व्हायचा, आणि हातभर लांबरुंद, बोटभर जाडीची लादी बाहेर यायची. रंग कुठलाही घाला, लाल, निळा, पिवळा, सगळं मिळून शेवाळाचा रंग व्हायचा.

प्लास्टिक गोळा करायला ते दर रविवारी घरोघर जात. मी एकदा बरोबर होते. दारात उभं राहून ते पहिला प्रश्न विचारायचे, "टमरेल नाय ना ह्यात?" म्हणजे परसाकडे न्यायचा डबा. दुसरा प्रश्न, "चप्पल नाय ना?" याचं कारण मामी. मामींनी लादीला परवानगी दिली ती दोन अटींवर. लादी चुलीपासून चार हात लांब ठेवायची, आणि जिच्यावर देवाचं पान मांडायचं त्या जमिनीत कुणाची चप्पल किंवा टमरेल मिसळलेलं चालायचं नाही. मामा तो शब्द पाळायचे. एका घरी म्हातारीनं पोत्याच्या तळाशी एक फुटका डबा सरकवला होता. मामांनी तो उलटसुलट केला, वास घेतला, आणि म्हणाले, "आजी, शपत घ्या." म्हातारीनं शपथ घेतली नाही आणि डबा गुपचूप परत घेतला.

भुसा सुरुवातीला आंब्याच्या पेट्या करणाऱ्या सुताराकडचा. त्याच्याकडे ढीग पडलेला असायचा. त्या भुशाच्या पहिल्या लाद्या जरा ओबडधोबड झाल्या, एका कोपऱ्याला जाड तर दुसऱ्याला पातळ. "ह्या तुमाला," असं म्हणून मामांनी त्या माझ्या खोलीत घातल्या. मी भाडेकरू, माझ्यावर प्रयोग करायला हरकत नव्हती. पहिला पावसाळा त्या लाद्यांवर मी झोपले. चटई कोरडी, पुस्तकं कोरडी, ट्रंकेच्या खाली बुरशी नाही. मी कोकणात जन्मले-वाढले, पण आषाढात कोरड्या जमिनीवर पाय ठेवायचं सुख त्या खोलीत पहिल्यांदा अनुभवलं.

पण मामींच्या माजघरात असला पेटीच्या लाकडाचा भुसा घालायचा नव्हता. "आंब्याची पेटी एक हंगाम टिकते वो बाई. तसल्या लाकडाचा भुसा हिच्या पायाखाली?" त्यांना चांगलं हवं होतं. शोधत शोधत ते रत्नागिरीला खाडीकाठी पोचले. तिथे जुन्या होड्या मोडून त्यांच्या फळ्या कापत होते. साग आणि आईन, चाळीस-चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहून न कुजलेलं लाकूड. "जे पाण्यात कुजला नाय ता माजघरात काय कुजणाराय," असं म्हणून ते खुशीत आले. मामींनाही पटलं. होडीची नारळी पौर्णिमेला पूजा होते, तिला नारळ वाढवतात, तिच्यात चप्पल घालून कुणी चढत नाही. याहून शुद्ध भुसा कुठला मिळणार? मलाही पटलं. मी बी.एस्सी. होते.

तो भुसा ते एस.टी.नं आणायचे. दोन पोती टपावर. एकदा कंडक्टरनं अडवलं, कारण पोत्यांना सुक्या मासळीचा वास येत होता आणि आतल्या प्रवाशांनी कुरकुर केली होती.

"काय हाय पोत्यात?"

"होडी."

"होडी?"

"व्हय. बारीक केलेली."

सगळी गाडी हसली. मामा हसले नाहीत. त्यांना विनोद करायचा नव्हता, त्यांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. हा त्यांचा स्वभावच. गंमत त्यांच्याकडून होऊन जायची आणि त्यांना पत्ता नसायचा.

वैशाखात माजघर आणि स्वयंपाकघराची बाहेरची बाजू पुरी झाली. जुनी जमीन खरवडून, चोपून सपाट करून तिच्यावर लाद्या, कडा कानशीनं घासून एकमेकींना इतक्या घट्ट बसवलेल्या की मध्ये सुई जायची नाही. मामी पहिल्या दिवशी तिच्यावर बसल्याच नाहीत, कडेकडेनं वावरल्या. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं उभ्या उभ्या, काठीला फडकं गुंडाळून पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "झाला? एवढाच?" मग बराच वेळ काम संपलेल्या माणसासारख्या दारात उभ्या राहिल्या. नंतर कळलं, त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

लोक बघायला आले. सरपंच आले. त्यांना बालवाडीच्या खोलीत अशाच लाद्या हव्या होत्या, पोरं पावसात ओलीवर बसून खोकतात म्हणून. एक सरकारी साहेबही जीपमधून आला. बूट घालून आत शिरायला लागला तर मामी आडव्या झाल्या. साहेबानं पायमोज्यांवर माजघरात चार फेऱ्या मारल्या, "इंटरेस्टिंग" असं तीनदा म्हणाला आणि गेला. मामा त्या संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, बालवाडीच्यासाटी होडीचाच भुसा आणतो. पोरांना चांगला पायजे."

मृग गेला, आर्द्रा लागल्या. पाऊस बसून राहिला, चार-चार दिवस ऊन नाही. एके सकाळी मामी म्हणाल्या, "रात्री कुणी पाणी सांडलान काय?" कुणी सांडलं नव्हतं. पुसलं. दुपारी परत. लाद्यांच्या अंगावर घाम फुटल्यासारखं बारीक पाणी, आणि त्यावर पाय ठेवला की सटकन सरकायचा. मामांना वाटलं, खालून ओल चढते आहे. त्यांनी पहारीनं एक लादी उचकटली. खालची माती कोरडी ठणठणीत होती.

मग ते माझ्या खोलीत आले. मी वह्या तपासत होते. वाकून माझ्या लादीवर तळहात ठेवला. कोरडी. माजघरात गेले, तिथल्या लादीवर ठेवला. परत आले. मग त्यांनी ती उचकटलेली लादी उचलून जिभेला लावली. तशीच माझ्याकडे लादी पुढे केली. मी बोटानं चाखली. खारट.

मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. माझ्या स्वतःच्या खोलीत मिठाची बरणी होती आणि तिच्यात तांदळाचे दाणे टाकलेले होते. आम्ही तिघांनी चप्पल तपासली, टमरेल तपासलं, होडीला नारळ वाढवतात तेही आठवलं. चाळीस वर्षं समुद्राचं मीठ प्यालेल्या लाकडाचं काय होईल, एवढंच कुणाच्या डोक्यात आलं नाही. मामांनी सगळ्या प्लास्टिकची कपची जाळून बघितली होती. भुसा जाळायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मीठ काही जळून कळलं नसतं.

त्याच पावसात छत्री न घेता ते सरपंचांकडे गेले आणि बालवाडीचं काम नको म्हणून सांगून आले. सरपंच म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मामा म्हणाले, "पुढच्या वर्साचा पुढच्या वर्सी."

आता माजघराचं काय करायचं? लाद्या काढल्या तर खाली खरवडलेली उघडी माती. ऐन पावसात नवी जमीन करता येत नाही, चोपलेली माती वाळायला ऊन लागतं, दसऱ्याआधी ते शक्य नाही; परसातली चूल पावसात पेटत नसल्यानं नव्या लाद्याही होणार नव्हत्या. आणि मामींना परत उकिडवं बसवायचं नव्हतं. त्यावर मामांनी दुसरा मार्ग काढला. रात्री जेवण झाल्यावर ते माझ्या दाराशी आले, आत आले नाहीत.

"बाई, तुमच्या खोलीतल्या लाद्या हायत ना... त्या आत चुलीपासनं देवापर्यंत पुरतील. ती जाते-येते तेवडी वाट. तुमाला पावसाळ्यापुरता ह्यातल्या घालतो. वर पोती टाकतो. चालेल काय?"

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मामा, आता चाचण्या चालू आहेत, खोलीत सगळा पसारा आहे. गणपतीपर्यंत थांबू या का?"

खरं कारण पसारा नव्हतं. मला त्या घामेजलेल्या जमिनीवर झोपायचं नव्हतं.

"व्हय व्हय," मामा लगेच म्हणाले. "गनपतीपर्यंत काय ता, दीड-दोन महिने तर हायत." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी उठून ते माजघरात चुलीतली राख पसरायचे, वर गोणपाट टाकायचे. मामी राखेला वैतागायच्या, झाडून टाकायच्या. ते परत पसरायचे.

श्रावणातल्या एका सकाळी मामी पेजेचं पातेलं घेऊन चुलीपासून निघाल्या. मी वेणी घालत होते. आधी पातेल्याचा आवाज आला, मग एक जड आवाज आला, आणि मग काहीच नाही. मी आत गेले तेव्हा मामी कुशीवर पडलेल्या होत्या, राख आणि पेज सगळीकडे, आणि मामा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. मामी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पेज गेली सगळी."

मालाचा टेम्पो अडवून त्यांना रत्नागिरीला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. टेम्पो गेल्यावर मी जमीन पुसली, पातेलं घासून ठेवलं आणि अकराला शाळेत गेले. आठवीची चाचणी घेतली. एका मुलीनं उत्तरपत्रिकेत शाई सांडली म्हणून तिला रागावलेसुद्धा. दुपारी डबा खाल्ला, सगळा. माझ्या आत काहीतरी तुटून पडायला हवं होतं, ते पडलं नाही, आणि आजपर्यंत पडलेलं नाही. त्या रात्री मी माझ्या कोरड्या लाद्यांवर झोपले आणि मला झोप लागली. हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, म्हणून सांगत नाही.

मामी दोन महिन्यांनी घरी आल्या त्या बाजेवर. डॉक्टरांनी सांगितलं, आता उठणं नाही. बाज माजघरात भिंतीशी ठेवली. मामांनी दिवाळीनंतर ऊन पडल्यावर होडीच्या सगळ्या लाद्या काढल्या, गोठ्यामागे रचल्या आणि मातीची जमीन पुन्हा केली. माती आणली, पाणी मारलं, चोपण्यानं आठ दिवस चोपली. तो धपधप आवाज मला शाळेतून आल्यावर ऐकू यायचा. जॅक गॅरेजवाल्याला परत दिला. खिशातली काडेपेटी मात्र गेली नाही, सवयीनं तिथेच राहिली.

मला ते काही बोलतील याची मी वाट बघत होते. "बाई, त्या दिवशी लाद्या दिल्या असत्यात तर," एवढं एक वाक्य. बोललेच नाहीत. मनात ठेवून असते तर वागण्यात कुठेतरी दिसलं असतं, पण तेही नाही. माझी बादली भरून ठेवायचे, एस.टी. चुकली तर नाक्यापर्यंत बघायला यायचे, शेवग्याच्या शेंगा आल्या की चार माझ्या दारात. एकदा मीच धीर करून म्हणाले, "मामा, आता काढा ना माझ्या खोलीतल्या लाद्या. आत घाला."

ते शांतपणे म्हणाले, "आता कशाला वो? ती कुटं चालतेय."

पुढच्या मे महिन्यात माझी बदली संगमेश्वरकडच्या शाळेत झाली. ट्रंक आधीच पुढे पाठवली होती. पिशवी खांद्याला लावून निरोप घ्यायला गेले. मामा माजघर सारवत होते. आमच्याकडे पुरुष माणूस कधी सारवत नाही, वाडीत त्यावरून बोलणं झालं होतं, ते त्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. उकिडवे बसून, हात अर्धगोल फिरवत, एकेक वीत मागे सरकत ते दाराकडे येत होते. मामी बाजेवरून बघत होत्या.

"थयसर कोपरा ऱ्हायला. भितीकडचा. अवो, डाव्या अंगाला."

मामा परत पुढे सरकले, कोपरा सारवला, मागे आले. उंबऱ्यापाशी पोचले, चौकट धरून उठले, आधी एक पाय, मग दुसरा, आणि माझ्याशेजारी पडवीत येऊन उभे राहिले. आत सगळी जमीन ओली, हिरवट, त्यावर हाताच्या रेघा एकीत एक बसलेल्या, भिंतीपासून दारापर्यंत. पलीकडच्या भिंतीशी मामींची बाज. मी म्हणाले, "मामी, येते हां." त्या म्हणाल्या, "येवा बाय. पोचल्याचा पत्र टाका." मग मामांना म्हणाल्या, "पाणी द्या वाईच. घसा सुकला."

कळशी पडवीत होती. मामांनी तांब्या भरला आणि उंबऱ्यावर थांबले. वाळायला तासभर तरी लागला असता. त्यांनी एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा मामींकडे. मग पाय पुसले आणि तसेच आत गेले. बाजेपर्यंत सात-आठ पावलं. मामींना मानेखाली हात देऊन उठवलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि त्याच पावलांवर पाय ठेवत परत आले.

मामी मान वळवून त्या जमिनीकडे बघत राहिल्या.

"तुमचीच पावला दिसतायत नुसती," त्या म्हणाल्या.

मामांनी तांब्या खाली ठेवला, शेणाचं घमेलं जवळ ओढलं, आणि बाजेपाशी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सारवायला बसले.